एलडीएच वाढला म्हणजे कॅन्सर परत आला का?

घणसोलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"डॉक्टर, माझे बाबा ७१ वर्षांचे. तुर्भ्याला एका केमिकल कंपनीत प्लांट ऑपरेटर होते, आता निवृत्त. माळकरी आहेत, घरात अंडंसुद्धा येत नाही. उजव्या टाचेला काळा डाग होता. कुरूप समजून मेडिकलमधून पट्ट्या आणून लावत राहिले. शेवटी तुकडा तपासला तेव्हा मेलानोमा, म्हणजे त्वचेतल्या रंगाच्या पेशींचा कॅन्सर, निघाला. ऑपरेशन झालं, जांघेतल्या गाठी काढल्या, त्यातल्या दोन गाठींत कॅन्सर सापडला. बीरॅफ निगेटिव्ह आहे, म्हणजे त्या जनुकात बदल नाही. आता दर तीन आठवड्यांनी पेम्ब्रोलिझुमॅबचं सलाईन चालू आहे. स्कॅनमध्ये काही नाही. पण मागच्या वेळी घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबकडून तपासण्या केल्या आणि एलडीएच नावाचं रक्तातलं एन्झाइम २६८ आलं. आधी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ते २०५ च्या आसपास असायचं. घरात कुणाला झोप नाही. पुण्याचा भाऊ म्हणतो, हल्ली रक्तातून कॅन्सर स्कॅनच्या आधी कळतो, ती टेस्ट करूया. त्या लॅबवाल्यांनीही 'मेलानोमा बीरॅफ लिक्विड बायोप्सी' दर तीन महिन्यांनी करायचं पॅकेज सांगितलंय, सोबत कॅन्सर मार्कर प्रोफाइल. एका वेळचे पैसे बाबांच्या कित्येक महिन्यांच्या पेन्शनएवढे. आमचे डॉक्टर म्हणाले गरज नाही, पण ओपीडीत इतकी गर्दी की का नाही ते विचारता आलं नाही. बाबा हल्ली फार थकलेत, दिवसभर पडून असतात, ऐन मे महिन्यात शाल घेऊन बसतात, पोट साफ होत नाही, बोलणंही मंद झालंय. आम्हाला वाटतं त्यांना आतून कळलंय. आकडा मात्र त्यांना सांगितलेला नाही. रिपोर्ट सोबत जोडलेत. काय करू?"

ताई, तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही जोडलेले कागद मी नीट वाचले आणि त्यात दोन गोष्टी अशा दिसल्या, ज्या आधी सांगायलाच हव्यात. पहिली त्या २६८ बद्दल. दुसरी जास्त महत्त्वाची आहे आणि तिचा एलडीएचशी थेट संबंध नाही.

घरी रक्त नेलेल्या रिपोर्टच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात लिहिलंय: 'स्लाइटली हिमोलाइज्ड सॅम्पल'. म्हणजे नमुन्यातल्या काही तांबड्या पेशी फुटलेल्या होत्या. एलडीएच हे शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारं एक एन्झाइम आहे, आणि तांबड्या पेशींत ते भरपूर असतं. बारीक सुईने जोर लावून रक्त ओढलं, नळी जोरात हलवली, किंवा ती उन्हातान्हात तासन्‌तास बाइकवरच्या पेटीत फिरली, की पेशी फुटतात आणि एलडीएच नळीतच वाढतो. माणसाच्या अंगात नाही, नळीत. आणखी एक बघा. हॉस्पिटलच्या लॅबची वरची मर्यादा २२५ आहे, या लॅबची २४६. एलडीएच मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, म्हणून दोन लॅबचे आकडे शेजारी शेजारी मांडून 'इतका वाढला' असं म्हणता येत नाही. बघायचं ते त्या त्या लॅबच्या मर्यादेच्या किती पट आहे ते. तुमचा आकडा मर्यादेच्या जेमतेम दहा टक्के वर आहे, तोही खराब झालेल्या नमुन्यातला. एवढ्यावरून कॅन्सर परत आला असं कोणताही डॉक्टर म्हणणार नाही.

याचा अर्थ मेलानोमात एलडीएचला किंमत नाही असा मुळीच नाही. त्याला चांगलीच किंमत आहे. २०१८ पासून लागू असलेल्या अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सरच्या, कॅन्सरचे टप्पे ठरवायच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत चौथ्या टप्प्यातल्या मेलानोमाचे पोटभाग पाडताना एलडीएच वाढलेला आहे की नाही याची वेगळी नोंद करतात. रोग शरीरात पसरलेला असेल आणि एलडीएच मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट असेल, तर तो आकडा पुढच्या वाटचालीबद्दल बरंच काही सांगतो. पण तो सांगतो तो पसरलेल्या, मोठ्या आजाराबद्दल. ज्यांच्या गाठी काढून झाल्या आहेत आणि स्कॅन स्वच्छ आहे, त्यांच्यात लपलेल्या चार पेशी हुडकायला तो फार ढोबळ आहे. छोटा आजार परत आला तरी तो नॉर्मल राहू शकतो, आणि आजार नसताना वाढू शकतो. युरोपात, विशेषतः जर्मनीत, मेलानोमाच्या फॉलोअपला एस-१००बी नावाचं प्रथिनही रक्तात मोजतात. ते मेलानोमाला जरा जवळचं आहे, पण डोक्याला मार लागला तरी तेही वर जातं.

एलडीएच वाढायची कारणं मोजायला बसलं तर पान संपेल. लिव्हरला सूज, मलेरिया, स्नायूंना मार. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मात्र मी थांबले: बाबा माळकरी आहेत, घरात अंडंसुद्धा येत नाही. बी-१२ जीवनसत्त्व दूध-दही सोडलं तर शाकाहारात जवळजवळ नसतं, आणि त्याची कमतरता खूप वाढली की हाडांच्या मगजात तांबड्या पेशी तयार होता होताच मरतात. मग एलडीएच चांगलाच चढतो, कधी कधी तर कॅन्सरच्या शंकेने माणूस हादरून जावा इतका. त्यांच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, एमसीव्ही १०२ आहे, म्हणजे पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आहेत. बी-१२ चा रिपोर्ट मला कागदांत कुठे दिसला नाही. ती साधी तपासणी आधी करा.

आता दुसरी गोष्ट. हे वाचून झालं की लगेच हॉस्पिटलला फोन करा.

थकवा, दिवसभर पडून राहणं, मे महिन्यात थंडी, बद्धकोष्ठता, मंद बोलणं. तुम्ही याला मनाची खिन्नता समजलात, आणि एवढ्या धसक्यात असलेल्या घरात तसं वाटणं साहजिक आहे. पण पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्या माणसाबद्दल हे कुणी मला सांगितलं, तर मी पहिल्यांदा थायरॉइड विचारेन. हे औषध म्हणजे इम्युनोथेरपी, ते प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडतं. मोकळ्या सुटलेल्या पेशी कॅन्सरवर जातात, पण कधी कधी आपल्याच अवयवांवरही जातात, आणि थायरॉइड हे त्यांचं नेहमीचं ठिकाण. ऑपरेशननंतर हे औषध घेणाऱ्या शंभरातल्या साधारण दहा-पंधरा जणांचं थायरॉइड मंदावतं. म्हणून उपचार चालू असताना टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम सांगणारा रक्तातला आकडा, ठरावीक अंतराने तपासायचा असतो. तुमच्या सुरुवातीच्या रिपोर्टांत तो आहे, नॉर्मल आहे. घरून रक्त द्यायला लागल्यापासूनच्या रिपोर्टांत तो नाहीच. लॅबच्या तयार पॅकेजमधून निसटला असावा. आणि हेही ऐका: थायरॉइड फार मंदावलं तर स्नायूंवर परिणाम होऊन एलडीएच वाढू शकतो.

तेव्हा फोनवर डॉक्टरांना किंवा डे-केअरच्या सिस्टरांना लक्षणं सांगा आणि विचारा की टीएसएच, फ्री टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) आणि सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल (ॲड्रिनल ग्रंथीचं हार्मोन) करायचं का. सोबत सोडियम आणि साखर. कॉर्टिसॉल का, तर हेच औषध क्वचित मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला किंवा मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीला सूज आणतं. ते कमी वेळा होतं, पण जिवावर बेतू शकतं. म्हणूनच शेजारच्या कुणाची थायरॉइडची गोळी आणून सुरू करू नका. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉइडची गोळी दिली तर माणूस कोसळू शकतो, त्यामुळे क्रम डॉक्टरांनीच ठरवायचा. बाबांना उलट्या सुरू झाल्या, उभं राहिल्यावर चक्कर येऊन पडायला झालं किंवा ते गुंगीत जायला लागले, तर फोनही नको, थेट इमर्जन्सीत न्या. आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: 'यांची इम्युनोथेरपी चालू आहे.' जवळच्या दवाखान्यात अजूनही बरेचदा ही केमोच समजली जाते, आणि दोन्हींचे दुष्परिणाम व त्यांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

आता भावाने सुचवलेली टेस्ट, म्हणजेच लिक्विड बायोप्सी. तो म्हणतो त्यात तथ्य आहे, म्हणून नीट सांगते.

कॅन्सरच्या पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सांडतात. हे तुकडे रक्तात काही तासांहून जास्त टिकत नाहीत, त्यामुळे आज सापडले तर ते आजच्या आजाराचे. निरोगी पेशींचेही असे तुकडे रक्तात असतातच, मग कॅन्सरचे ओळखायचे कसे? कॅन्सरच्या डीएनएमध्ये जो विशिष्ट बदल आहे, त्यावरून. गोऱ्या लोकांच्या त्वचेच्या मेलानोमात सुमारे निम्म्या रुग्णांत बीरॅफ नावाच्या जनुकात बदल असतो, म्हणून तिकडची बरीच संशोधनं त्या बदलावरच उभी आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एनवाययू लँगोनमधल्या संशोधकांनी २०२५ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त असंच एक काम प्रसिद्ध केलं. तिसऱ्या टप्प्यातला मेलानोमा ऑपरेशनने काढलेल्या सुमारे सहाशे रुग्णांचं रक्त त्यांनी तपासलं. ऑपरेशननंतर ज्यांच्या रक्तात हे तुकडे सापडले ते थोडेच होते, पण त्यांच्यातल्या जवळजवळ ८० टक्के लोकांत रोग परत आला. भावाच्या वाचनात बहुतेक हेच आलं असावं.

पण ते सगळे रुग्ण बीरॅफ बदल असलेले होते. तुमच्या बाबांच्या गाठीत तो बदल नाही, हे तुम्हीच लिहिलंय. तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली होणारा मेलानोमा, जो आपल्याकडे जास्त दिसतो, त्यात हा बदल कमीच सापडतो. मग जो बदल गाठीतच नव्हता, तो रक्तात कुठून येणार? ही टेस्ट बाबांच्या बाबतीत दर तीन महिन्यांनी निगेटिव्हच येईल. आजार नसेल तरी निगेटिव्ह, आणि देव न करो, परत आला तरी बहुधा निगेटिव्ह. तुम्ही पदरमोड करून दर वेळी सुटकेचा निःश्वास टाकाल आणि तो खोटा असेल. गाठीचा रिपोर्ट न मागता मेलानोमाच्या घरात ही टेस्ट विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. घाबरलेल्या माणसाला काहीही विकता येतं, म्हणूनच त्याला काहीही विकायचं नसतं.

दुसऱ्या प्रकारच्या टेस्ट आहेत. त्यांत ऑपरेशनच्या वेळचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, आधी तपासतात, त्याच माणसाच्या गाठीतले बदल शोधतात आणि मग तेवढेच रक्तात धुंडाळतात. हे शास्त्रीयदृष्ट्या पटणारं आहे. अडचण अशी की तळव्याच्या मेलानोमात असे शोधता येण्याजोगे बदल तुलनेने कमी असतात. रक्तही खास नळीत घ्यावं लागतं, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटून त्यांच्या डीएनएच्या गर्दीत हवे ते तुकडे हरवतात. आणि रोग फक्त मेंदूत परतला असेल, तर त्याचे तुकडे रक्तात बरेचदा उतरतच नाहीत. मेलानोमाला मेंदूची वाट चांगली माहीत असते, म्हणून रक्त निगेटिव्ह आहे म्हणून स्कॅन टाळला असं करून चालत नाही.

पण समजा टेस्ट उत्तम आहे आणि पॉझिटिव्ह आली. पुढे काय कराल? हा प्रश्न मी प्रत्येक रक्ततपासणीआधी विचारायला सांगते, आणि तुमच्या डॉक्टरांच्या 'गरज नाही'मागेही बहुधा हाच असावा. बाबा आत्ता जे औषध घेताहेत, ते रक्त पॉझिटिव्ह आलं तरी तेच राहील. स्कॅनवर काही दिसत नसताना केवळ रक्तावरून औषध बदलल्याने मेलानोमाचा माणूस जास्त जगतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. ब्रिटनमध्ये डिटेक्शन नावाच्या चाचणीने याच्या जवळपासचा प्रश्न हाती घेतला, आणि तिच्याकडे माझं लक्ष आहे.

'लवकर कळलं तर फायदाच ना?' असं भाऊ विचारेल. मलाही तसं वाटणं आवडलं असतं. पण ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये हे करून पाहिलंय. उपचार संपलेल्या बायकांचं सीए-१२५, म्हणजे त्या कॅन्सरचा रक्तातला मार्कर, दर तीन महिन्यांनी तपासलं. आकडा चढला की काहींना लगेच केमो दिली, काहींना त्रास सुरू झाल्यावर दिली. २०१० मध्ये निकाल आले. पहिल्या गटाची केमो जवळजवळ पाच महिने आधी सुरू झाली, आणि आयुष्य दोन्ही गटांचं सारखंच निघालं. लवकर केमो घेतलेल्यांच्या वाट्याला फक्त त्रास लवकर आला. उलट उदाहरणही आहे. ऑस्ट्रेलियातल्या २०२२ च्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या कॅन्सरला रक्तातल्या डीएनएवरून केमो द्यायची की नाही ते ठरवलं. केमो घेणारे २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले आणि रोग परतण्याचं प्रमाण वाढलं नाही. म्हणजे या तपासण्या खोट्या नाहीत. एकेका कॅन्सरमध्ये, एकेका प्रश्नासाठी त्या सिद्ध व्हाव्या लागतात, आणि तुमच्या बाबांच्या प्रश्नाचा नंबर अजून लागलेला नाही.

मेलानोमातही त्यांचा उपयोग होतो अशा जागा आहेत. इम्युनोथेरपीत कधी कधी प्रतिकारशक्तीच्या पेशी गाठीत शिरल्याने गाठ स्कॅनवर मोठी दिसते आणि वाटतं औषध फसलं. अशा वेळी रक्तातले डीएनएचे तुकडे घटत असतील, तर ती सूज असण्याची शक्यता बळावते. उद्या तुमच्यावर अशी वेळ आली, तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारा. तेव्हा तिच्यावरून निर्णय ठरू शकतो.

कॅन्सर मार्कर प्रोफाइल तर सोडूनच द्या. सीईए, सीए १९-९, पीएसए, एएफपी यांतलं काहीही मेलानोमा मोजत नाही. ७१ वर्षांच्या पुरुषाचा पीएसए थोडा वाढलेला निघायची शक्यता मात्र बरीच, आणि मग प्रोस्टेटच्या तपासण्यांचा एक नवाच फेरा मागे लागेल.

यापुढे रक्त एकाच लॅबमध्ये द्या, जमेल तर हॉस्पिटलच्याच. सायकलच्या, म्हणजे दर सलाईनच्या, आदल्या दिवशी घणसोलीहून जाणं जिकिरीचं होतं हे मला कळतं. घरी रक्त न्यायचं असेल तर डॉक्टरांकडून तपासण्यांची यादी लिहून घ्या आणि तीच लॅबला द्या. त्यांचं पॅकेज घेऊ नका. ओपीडीत बोलायला वेळ मिळत नसेल, तर दोन प्रश्न कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावा. लिहिलेल्या प्रश्नाला गर्दीतही उत्तर मिळतं. दुसरं मत हवंसं वाटलं, तर खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे, ठाणे-पनवेल लोकलने घणसोलीहून थेट जाता येतं. जाताना ब्लॉक, स्लाइड आणि स्कॅनची सीडी न विसरता न्या. नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर फेरी फुकट जाते.

राहिला आकडा लपवण्याचा प्रश्न. सांगा, ताई. तुमच्या बाबांनी उभी हयात प्लांटवर काढली. एक गेज अचानक वर गेला म्हणून ऑपरेटर प्लांट बंद करत नाही, आधी गेज बरोबर आहे का बघतो, मग शेजारचे गेज बघतो, हे तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. हिमोलायसिसची ओळ त्यांना दाखवा. बी-१२ आणि थायरॉइड तपासायचंय हे सांगा. तुमचे उतरलेले चेहरे ते रोज बघताहेत, आणि न सांगितलेल्या आकड्यापेक्षा मोठा आकडा त्यांनी मनात धरला असणार. शिवाय त्यांना कसं वाटतंय हे त्यांच्याशिवाय कुणाला सांगता येणार आहे? नवीन खोकला, धाप, दिवसात नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त जुलाब, अंगभर पुरळ, पिवळे डोळे, न थांबणारी डोकेदुखी: हे पुढच्या सायकलपर्यंत थांबवून ठेवायचं नाही, त्याच दिवशी कळवायचं, हे त्यांनाच पाठ असायला हवं.

आणि त्यांना एक काम द्या. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर टाचेचा व्रण, पोटरी, मांडी आणि दोन्ही जांघा बोटांनी चाचपायच्या. व्रणाभोवती नवा काळा किंवा गुलाबी ठिपका, कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ, जांघेत काही घट्ट लागलं तर सांगायचं. तळव्याचा फोटो तुम्ही मोबाइलवर काढून ठेवा, म्हणजे मागच्या महिन्याशी ताडून बघता येईल. मेलानोमा परत येतो तेव्हा तो बरेचदा रुग्णाच्या किंवा घरच्यांच्याच हाताला आधी लागतो, आणि त्वचेवर किंवा जांघेत लवकर सापडलेली गाठ पुष्कळदा काढताही येते. या तपासणीला पैसे लागत नाहीत, आणि ती बाबांसाठी आजच्या घडीला त्या पॅकेजपेक्षा कितीतरी कामाची आहे.

टीएसएच आणि कॉर्टिसॉलचे रिपोर्ट आले की डॉक्टरांना दाखवाच, आणि मलाही कळवा. एलडीएच पुन्हा कराल तेव्हा आकड्यासोबत त्या लॅबची मर्यादाही लिहा.